बटाटे मॅडम

आज दुपारी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला फोन वाजला. "बटाटे मॅडम बोलताय का? मुलगी दहावीला ना यंदा?" क्लासवाला होता.

आमचं आडनाव बटाटे नाही. ते मी आयुष्यात एकदाच लिहिलंय, गेल्या दिवाळीत प्रदर्शनातल्या लकी ड्रॉच्या कुपनवर, गंमत म्हणून. बक्षीस मिक्सर. आणि रकाने? मुलं कितवीत, घर स्वतःचं की भाड्याचं, गाडी कुठली. मिक्सरसाठी गाडी कशाला, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. नंबर मात्र खरा दिला. मिक्सर लागला तर कळायला नको?

"नंबर कुठून मिळाला?"

"आम्ही डेटा विकत घेतो मॅडम," पोरगा सरळ म्हणाला. पिनकोड, इयत्ता सांगितली की एक्सेलची फाईल येते म्हणे.

बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. त्याच वर्षी डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. आणि संध्याकाळी चपला घ्यायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "नंबर सांगा, त्याशिवाय बिल पुढे जात नाही." मागे ही रांग.

दिला. नवऱ्याचा.