आमची वाटचाल : ‘ठ’चं पोट

छाप (स्टेन्सिल) ठेवून टी-शर्ट रंगवायच्या आमच्या कामाची सुरुवात २०२०च्या लॉकडाऊनमधली. लेकीचा जुना पांढरा टी-शर्ट, दुकानं बंद, म्हणून आईचा रांगोळीचा कमळाचा छापच कापडावर ठेवला आणि स्पंजनं रंग टिपला. कमळाचा रंग कडेनं पसरला, तरी लेक तो अंगातून काढेना. मग शेजारच्या पोरांसाठी पाच-सहा केले, आणि पुढे लोक पैसे देऊन मागायला लागले.

पहिली मोठी ऑर्डर २०२२ची. दोन वर्षांच्या खंडानंतर पालखी पायी निघणार होती. एका दिंडीतल्या तरुण मंडळींना छातीवर ‘विठ्ठल’ हवा होता, चाळीस नग. ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ शीटवर) अक्षरं कापली आणि ‘व’, ‘ठ’ यांची पोटं, म्हणजे आतले बंद भाग, गळून पडली! छापल्यावर नुसते काळे गोळे. इंग्रजी ‘ओ’चंही असंच होतं म्हणा, पण आपल्याकडे वर शिरोरेघ. तिची फट लांब झाली की खालची शीट लोंबते आणि रंग आत शिरतो. शेवटी प्रत्येक पोटाला दोन बारीक टेकू, म्हणजे न कापलेल्या पट्ट्या, ठेवले, शिरोरेघ तीन ठिकाणी तोडली. ‘‘ताई, अक्षर तुटक का?’’ असं तेव्हा विचारलं गेलं. आता गिऱ्हाईक तसंच तुटक मागतं.

त्याच ऑर्डरीत फटकाही बसला. जूनची दमट हवा, वरून सुकलेला रंग आतून ओलाच. मी घाईनं घड्या घातल्या आणि सहा टी-शर्ट एकमेकांना चिकटले. पदरचे पैसे घालून नवे केले. तेव्हापासून पंख्याखाली पूर्ण एक दिवस, मग उलट्या बाजूनं इस्त्री, आणि तीन दिवस धुवायचं नाही, हे बिलावरच लिहून देते.

बाकी काम सोपं आहे. नवा टी-शर्ट आधी धुऊन खळ काढायची, आत पुठ्ठा घालायचा, रंगात पाणी टाकायचं नाही, स्पंज जवळजवळ कोरडाच ठेवून उभा टिपायचा.

एका व्यापाऱ्यानं शंभर टक्के कॉटन म्हणून भलताच माल गळ्यात मारला होता. आता दोरा जाळूनच बघते. सुताची राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी.

शंभरच्या वरची ऑर्डर मी घेत नाही, ती स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांनी करावी. आणि पावसाळ्यात दहा दिवस आधी सांगा.