बर्फाची बादली

१६ ऑक्टोबर, रत्नागिरी

पहाटे आईबरोबर मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर गेले. बर्फाची गाडी उशिरा आली आणि आठ वाजताच ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागलं. आईच्या टोपलीतल्या तारल्यांची पोटं फुटायला लागली होती. "मासा पोटापासनं जातो गो," ती म्हणाली आणि भाव पाडून टोपली देऊन टाकली. मी गप्पच होते. माझ्या डोळ्यांपुढे गेल्या महिन्यातला प्रयोगशाळेतला तो आलेख.

यकृताचा तुकडा होता, जेमतेम वीस ग्रॅम. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर काढावा लागलेला, गाठीपासून लांबचा निरोगी भाग. कोणाचा ते आम्हाला कळत नाही. लेखी संमती असते, डबीवर फक्त एक क्रमांक. त्यातून स्टिरॉइडांवर काम करणारी एन्झाइमं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, वेगळी काढायची होती. मावशी सांध्यांसाठी प्रेडनिसोलोनची गोळी घेते, ती मोडण्यातही यांचा हात असतो. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असलं तर यकृतात सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढतं आणि तीच गोळी कमी पडते.

काम तसं सोपं. थंड सुक्रोजच्या द्रावणात तुकडा कातरायचा, रगडायचा, गुरुत्वाच्या ९,००० पट जोरानं वीस मिनिटं फिरवायचा. केंद्रकं, मायटोकॉन्ड्रिया असला जड माल तळाला जातो. वरचं पाणी पुन्हा १,००,००० पटीवर तासभर. आता तळाला बसतात ते मायक्रोसोम, पेशीतल्या पापुद्र्यांचे बारीक तुकडे. सीवायपी३ए४ यांच्याच पापुद्र्यात रुतलेलं असतं, कॉर्टिसोनचं कॉर्टिसॉल करणारं एन्झाइमही. ती सोडवायला पुढे कोलेटसारखा डिटर्जंट लागतो. वरचं पाणी मात्र टाकायचं नाही. ५-बीटा रिडक्टेज आणि सल्फेट जोडणारी एन्झाइमं त्यात विरघळलेली असतात. (पहिल्या वर्षी मी ते बेसिनमध्ये ओतलं होतं.)

आणि हे सगळं चार अंशांवर, बर्फात. यकृत रगडलं की पेशींच्या पिशव्यांत कोंडलेली प्रथिनं तोडणारी एन्झाइमं मोकळी होतात आणि हवी ती एन्झाइमंही खात सुटतात. तारलीच्या पोटात दुसरं काय होतं?

सायटोक्रोम पी-४५० (सीवायपी३ए४ याच कुटुंबातलं) शाबूत आहे का, ते बघायची रीत ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांची, १९६४ सालची. चिमूटभर डायथायोनाइटची पूड, मग कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे. प्रकाश किती शोषला त्याच्या आलेखाचं शिखर ४५० नॅनोमीटरला आलं तर माल चांगला, ४२० ला आलं तर बिघडलेला. माझं आलं ४२० ला.

त्या दिवशी बर्फ बदलायचा मी कंटाळा केला होता. सकाळचीच बादली, निम्मं पाणी झालेलं, आणि त्यात नळ्या ठेवून मी चहाला गेले. अर्धा तास तरी गेला असेल. सरांना सांगितलं, नमुनाच उशिरा पोचला. त्यांनी मान डोलावली, नवीन नमुन्यासाठी अर्ज केला.

दुपारी अंगणात टोपल्या धुताना आईनं विचारलं, "तुमच्याकडे मिळतो का वेळेवर बर्फ?"

"मशीनच आहे. पाहिजे तेवढा."

"मग बरं," ती म्हणाली आणि दुसरी टोपली ओढली.