हिरव्या टोपीचा दगड

राज्यमार्गाच्या मैलाच्या दगडाला हिरवी टोपी असते, राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाला पिवळी. गुहागर-विजापूर रस्ता वर्षानुवर्षं हिरव्या टोपीतच होता. मग त्याला १६६ ई असा क्रमांक मिळाला आणि टोपी बदलली. बढतीच म्हणायची. कुंभार्ली घाटातल्या वळणांना मात्र ही बातमी अजून कळलेली दिसत नाही.

तशी या वाटेला टोपीची गरज कधी नव्हतीच. वाशिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ म्हणजे आदिलशाहीचं मोठं बंदर. तिथून देशावर जायचं तर सह्याद्री आडवा. म्हणून बैलांच्या पाठीवर मीठ लादून कुंभार्लीची चढण चढायची. आज त्या चढणीवर एसटी पहिल्या गिअरमध्ये कण्हते.

मी खिडकी धरतो ती हेळवाकसाठी. महाबळेश्वराहून सरळ दक्षिणेला आलेली कोयना इथे एकाएकी पूर्वेला वळते. घाट चढून दमलेला रस्ता तिला इथेच गाठतो आणि मग पाटण मागे टाकत दोघं कऱ्हाडपर्यंत सोबतीने जातात. मध्येच डुलकी लागावी, जाग यावी, तर नदी आहेच. कऱ्हाडला ती कृष्णेला समोरासमोर भिडते, तो प्रीतिसंगम.

पण सगळीच कोयना काही कऱ्हाडला पोचत नाही. धरणातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. जायचं होतं बंगालच्या उपसागराला, गेलं अरबी समुद्रात! आपण घाट चढत असतो तेव्हा त्याच डोंगरातून पाणी खाली कोकणात निघालेलं असतं. कोयनानगर आलं की गाडीतलं कुणीतरी जुनं माणूस ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप काढतंच. मग दोन-तीन वळणं कुणी बोलत नाही.

कऱ्हाडपुढचं माझं ज्ञान ऐकीव. एकदा शेजारी विट्याचे एक गलाईवाले काका होते. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी त्यांच्या भागातली माणसं देशभर पांगलेली. “ऊस संपला की आमचा मुलूख लागतो,” ते म्हणाले, “आणि जतकडं गेलात की नुसत्या बाभळी.” पुढे विजापूर कसं आहे, असं मी विचारलं.

“कुणाला ठाऊक,” काका म्हणाले. “मी विट्यालाच उतरतो.”