बारा चिंचोके

"मावशी दिवसा पेंगते, नोंदवही कोरी असते. दुसरी बाई द्या." तक्रार फोनवर आली होती. घरी राहून पेशंट सांभाळणाऱ्या मावश्यांचं काम तपासायचं, ही माझी नोकरी. फॉर्म घेऊन इंदिरानगरच्या त्या घरी पोचले तेव्हा अकरा वाजले होते.

आजींना आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झालेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, जेवण नाकातल्या नळीनं. मावशी पेठ तालुक्यातली, ड्यूटी चोवीस तासांची. सूनबाईंनी आधी वही पुढं केली. पंधरा दिवसांत एकही ओळ नाही. आमच्या फॉर्मात नोंदवहीला 20 गुण आहेत. मी शून्य लिहिलं.

मग चादर बाजूला केली. मी टाचांपासून सुरुवात करते. टाचा, घोटे, खुबे, माकडहाड, खांदे. जिथं कातडीखाली लगेच हाड लागतं त्या सगळ्या जागा. लाली दिसली तर बोटानं दाबायचं. दाबूनही ती पांढरी पडली नाही, तर बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजायची. आजींच्या अंगावर दाबून बघावं असं काही सापडलंच नाही. आठ महिने अंथरुणावर! लुळ्या हाताची मिटलेली मूठ उघडून मी वास घेतला. तिथं घाम साचतो आणि पुष्कळ घरांत नेमकं तेच राहून जातं. तळहात कोरडा होता, आत धुतलेल्या सुती कापडाची गुंडाळी.

"मावशी, कूस किती वेळानं बदलता?"

तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. दोन स्टीलच्या वाट्या, त्यांत मिळून बारा चिंचोके. "मला लिहिता येत नाय, सिस्टर. सकाळी सहापासून दर दोन तासांनी एक इकडून तिकडं टाकते." दुसऱ्या वाटीत तीन होते. सहा, आठ, दहा. बाराला तिनं कुणी न सांगता आजींना वळवलं, पाठीमागं उशी लावली, चादरीची चुणी काढली आणि चौथा टाकला.

मागच्या वर्षी एका घरी दर दोन तासांची सुवाच्य नोंद पाहून मी पूर्ण गुण दिले होते. चादर उचललीच नाही. आठवड्यानं त्या बाबांच्या माकडहाडावर खोल जखम निघाली. ती वही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मावशीची एक चूक मात्र मी लिहिली. नळीनं पेज दिल्यावर तिनं पलंगाचं डोकं लगेच खाली केलं. ते निदान अर्धा तास तीस ते पंचेचाळीस अंशांवर उंच हवं, नाहीतर पेज उलटून फुप्फुसात जाऊ शकते. तिनं दोनदा विचारून घेतलं.

"ताई, ती रात्री बारा, दोन, चारला उठते," मी सूनबाईंना म्हटलं. "म्हणून दिवसा पेंगते."

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "एअर बेड आहे ना, मॅडम? आम्हाला वाटलं, आता वळवायला नको."

एअर बेड असला तरी वळवावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फॉर्मवरचं शून्य मी खोडलं नाही, वही खरोखरच कोरी होती. पण समासात चिंचोक्यांचं सगळं लिहिलं, आणि हे 20 गुण कातडीच्या तपासणीला द्या, असं ऑफिसला कळवलं.

मावशीला आतल्या खोलीत झोपायला पाठवून मी दोनपर्यंत थांबले. गुडघा कसा दुमडायचा, हात खांद्यावर आणि खुब्यावर कुठं ठेवायचा, ते सूनबाईंना दाखवलं. पहिल्यांदा त्यांचे हात थरथरले. आजी त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. पाचवा चिंचोका सूनबाईंनी टाकला.