हुसेनसागरच्या काठावर फॉर्म्युला ई : कोल्हापूर ते हैदराबाद

कोल्हापूरला गाड्यांचा नाद काय नवीन नाही, आपला कृष्णराज महाडिक इंग्लंडात जाऊन फॉर्म्युला थ्री पळवून आला, कार्टिंग ट्रॅकवर रविवारी बघा पोरांची गर्दी. त्यामुळं फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या रेसिंग गाड्यांची वर्ल्ड चॅम्पियनशिप, येणार हे कळल्यावर जायचं की नाही असा प्रश्नच नव्हता. २०१३ ला ग्रेटर नोएडाची फॉर्म्युला वन संपली, त्यानंतर सिंगल-सीटर गाड्यांची वर्ल्ड चॅम्पियनशिप भारतात परत आलीच नव्हती.

मी, मित्र आणि मित्राचे वडील आबा, असे तिघं निघालो. आबांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, बिडाचं (कास्ट आयर्नचं) काम, ब्रेक ड्रम आणि हाउसिंग वगैरे, आणि आबा स्वतःहून म्हणाले "मी पण येतो रे, विजेवरची गाडी पळते कशी ते बघायचंय मला". शुक्रवारी पहाटे कोल्हापूर सोडलं, मिरज, सांगोला, सोलापूर, मग नळदुर्ग-उमरगा करत झहीराबाद. सोलापूरच्या पुढं रस्ता एकदम मोकळा, गाडी चालवायला मजा येते, बाकी प्रवासात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

ट्रॅक म्हणजे शहरातलाच रस्ता. हुसेनसागर तलावाच्या काठानं, लुंबिनी पार्क आणि नवीन सेक्रेटरिएटच्या आजूबाजूनं साधारण २.८ किमीचा सर्किट, १८ वळणं. दोन्ही बाजूला काँक्रीटचे ब्लॉक आणि वर जाळी, म्हणजे ड्रायव्हर थोडा जरी चुकला तरी थेट भिंत, बाजूला मातीत उतरायची सोयच नाही.

फॅन व्हिलेजमध्ये एक गाडी मांडून ठेवलेली. तिथं आबा चांगला अर्धा तास उभे होते. पुढचं चाक वाकून बघितलं, मग मागं गेले, परत पुढं आले, आणि समजावून सांगणाऱ्या पोराला धरलं. तो म्हणाला काका, ह्या जेन थ्री म्हणजे तिसऱ्या पिढीच्या गाडीच्या डिझाइनमध्ये मागं हायड्रॉलिक ब्रेक ठेवलेलेच नाहीत, मागचं ब्रेकिंग मोटरच करते. पाय काढला की मोटर जनरेटर होते, चाकाचा जोर उलटा बॅटरीत भरते, पुढची २५० आणि मागची ३५० मिळून ६०० किलोवॅटपर्यंत. रेसमध्ये जेवढी वीज लागते त्यातली ४० टक्क्यांच्या आसपास अशी ब्रेकिंगमधनंच परत मिळते. मला हे पटकन कळलं कारण माझी इलेक्ट्रिक स्कूटर पन्हाळ्यावरनं उतरताना हेच करते, खाली येईपर्यंत रेंज वाढलेली दिसते. पण आबांचं डोकं तिसरीकडंच होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, ह्या गाडीत आपल्या बिडाचं काय हाय सांग बघू?" मित्रच बोलला, "काय नाही आबा. इंजिन नाही, ब्लॉक नाही, हेड नाही, मागं तर ब्रेक पण नाही."

शनिवारी ११ तारखेला दुपारी तीनला रेस. ऊन कडक, स्टँड भरलेला, सचिन आलाय म्हणून एक बाजू सारखी ओरडतीय. आवाजाबद्दल लोक नाकं मुरडतात, पण मला तो लई आवडला. इंजिनाचा दणका नसल्यामुळं बाकीचं सगळं ऐकू येतं, टायर घासल्याचा आवाज, मोटरची बारीक शिट्टी, जोरात ब्रेक लागल्यावर गाडीचं खालचं अंग रस्त्यावर खरवडल्याचा खर्र आवाज, आणि बाजूच्या माणसाशी नीट बोलता पण येतं त्यामुळं मी आबांना सगळं सांगू शकलो.

पहिल्या नंबरवरनं सुटला जॅग्वारचा मिच इव्हान्स, आणि जॅग्वार म्हणजे टाटांचीच, त्यामुळं महिंद्राच्या बरोबरीनं तिलाही टाळ्या होत्या. आणि मग हेअरपिनला, म्हणजे गाडी उलटी फिरते त्या एकदम तीव्र वळणाला, त्याच्याच टीमचा सॅम बर्ड येऊन त्याला धडकला! एका टीमच्या दोन्ही गाड्या एका दणक्यात गेल्या. अख्खा स्टँड उभा. इतकी चिडचिड मला कुठल्या मॅचला झाली नसेल, कारण इव्हान्सकडं त्या दिवशी खरंच जिंकायचा वेग होता.

पुढं खरा खेळ सुरू झाला. ह्या गाड्यांना पूर्ण रेस फुल्ल दाबून पळायला बॅटरी पुरतच नाही, मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं, त्यामुळं सरळ रस्त्याच्या शेवटी ड्रायव्हर आधीच पाय काढतो आणि गाडी तशीच सोडून देतो. रेसमध्ये पॉवर ३०० किलोवॅट, आणि अटॅक मोड, म्हणजे थोड्या वेळापुरती जादा पॉवर, घेतला की ३५०, पण तो घ्यायला रेसिंग लाइन सोडून बाहेरनं ठरलेल्या पट्ट्यावरनं जावं लागतं, तिथं जागा जायची भीती. शेवटच्या लॅप्समध्ये पुढं ज्याँ-एरिक व्हेर्न आणि त्याला चिकटून निक कॅसिडी. व्हेर्नकडं बॅटरी कमी उरलेली, कॅसिडीकडं जास्त. म्हणजे कॅसिडीच घेणार असं मी आबांना ठासून सांगत होतो आणि आबा म्हणत होते नाही, तो पुढचा सोडणार नाही. व्हेर्ननं प्रत्येक वळणाला आतली बाजू बंद केली, कुठं वाचवायचं नि कुठं खर्चायचं ते इतकं बरोबर केलं की कॅसिडी अर्ध्या सेकंदाच्या आत असून पण मागंच राहिला. तिसरा आलेल्या ब्युएमीला नंतर जादा पॉवर वापरली म्हणून पेनल्टी लागली आणि ती जागा पोर्शच्या दा कोस्टाला मिळाली. महिंद्राचा ऑलिव्हर रोलंड सहावा. घरच्या मैदानावर पोडियम हवं होतं असं वाटलंच, पण आठ पॉइंट काय कमी नाहीत.

परतीला सोलापुरात भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना आबा आणि मित्र दोघंच बोलत होते, मोटरचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं असतं, मग भट्टी बदलावी लागेल, मशीनिंग तेच चालेल का, वगैरे. माझं तर स्पष्ट मत आहे की कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावातल्या कारखानदारांनी ही रेस गाड्या बघायला म्हणून नाही तर पुढच्या वीस वर्षांत आपल्याकडं कुठलं काम येणार ते कळावं म्हणून बघायला हवी. आबांनी आल्यावर आठवड्याभरात ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन केला.

पुढच्या वर्षी तिघांनी परत जायचं ठरलंच होतं, पण १० फेब्रुवारी २०२४ ची हैदराबादची रेस तेलंगणात सरकार बदलल्यावर रद्द झाली. मला अजून वाईट वाटतं. भारतात कुठल्याही शहरात परत झाली तर आधी आबांचं तिकीट काढणार आहे, तेवढं नक्की.