आठवीच्या वर्गातील श्रवणाचा पाठ : टाचण आणि त्याची दुरुस्ती

सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होत असल्यामुळे आठवीतल्या मुलांच्या पाठीशी सात वर्षांचे इंग्रजी असते. मात्र या सात वर्षांत त्यांनी ऐकलेले इंग्रजी बहुतांशी शिक्षकांच्याच आवाजातले, पाठ्यपुस्तकातून वाचलेले आणि लगोलग मराठीत समजावून दिलेले असते. दहावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण तोंडी परीक्षेला असतात, व त्या २० गुणांत ऐकण्याचीही चाचणी होते. चाचणी आहे म्हणून सराव होतो, पण ऐकायला शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा उल्लेख आमच्या टाचणवह्यांत क्वचितच सापडतो. तालुक्यातील इंग्रजी शिक्षकांच्या सहविचार सभेत असे ठरले की प्रत्येकाने श्रवणाचा एक पाठ तयार करावा, सहकाऱ्याला वर्गात बसवून तो घ्यावा आणि त्याच्या निरीक्षणावरून टाचण दुरुस्त करावे. ही प्रक्रिया पार पाडताना जे लक्षात आले, ते येथे नोंदवत आहे.

सामग्री म्हणून मी रेल्वेची उद्घोषणा निवडली. ती खरीखुरी असते, थोडक्यात असते आणि तिच्यात ऐकणाऱ्याला कशाची तरी गरज असते, हे तिचे तीन गुण. पुणे स्थानकावर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मी डेक्कन क्वीनची उद्घोषणा घेतली. टाचणातला क्रम नेहमीचा होता. आधी स्थानकाविषयी थोडी चर्चा, अडतील असे दोन-तीन शब्द आणि ऐकण्यापूर्वीच फळ्यावर प्रश्न. प्रश्न आधी देण्याचा आग्रह मी पुढेही सोडलेला नाही, कारण ते नंतर दिले तर मुलांच्या आकलनापेक्षा स्मरणशक्तीचीच परीक्षा होते. पहिल्यांदा ऐकताना एकच प्रश्न होता, गाडी कुठे जाणार आहे. दुसऱ्यांदा ऐकताना गाडीचा क्रमांक, सुटण्याची वेळ आणि फलाट यांचा तक्ता भरायचा होता. त्यानंतर शेजाऱ्याशी उत्तरे ताडून पाहायची आणि मग फळ्यावर अंतिम उत्तरे.

पाठ वरवर पाहता उत्तम झाला. निरीक्षणाला बसलेल्या सहकारी शिक्षिका मात्र माझ्याकडे न पाहता शेवटच्या दोन बाकांवरील वह्या पाहत होत्या. तास संपल्यावर त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अशी की, ‘मुंबई’ हे उत्तर काही मुलांनी ध्वनिमुद्रण लावण्यापूर्वीच लिहून ठेवले होते. १९३० पासून पुणे-मुंबई धावणारी गाडी कुठे जाते, हे कळण्यासाठी इंग्रजी ऐकण्याची गरजच नव्हती. दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती. पुण्याहून गाडी सुटण्याची वेळ ७.१५ असताना बऱ्याच वह्यांत ७.५० लिहिलेले होते. फळ्यावर बरोबर वेळ आल्यावर मुलांनी ती खोडून सुधारली आणि वर्ग पुढे सरकला. “ज्याने ७.५० लिहिले त्याला आज बरोबर उत्तर मिळाले, पण पुढच्या वेळी ‘फिफ्टीन’ ऐकू यावे यासाठी त्याला काय मिळाले?” या त्यांच्या प्रश्नावर माझ्या टाचणाची सारी दुरुस्ती उभी आहे.

उत्तर बरोबर येणे आणि शब्द ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्या मुलाला गडी बाद झाल्याचे आवाजाच्या चढावरून आणि प्रेक्षकांच्या गलक्यावरून कळते, वाक्य कळलेलेच असते असे नाही. संदर्भावरून अंदाज बांधणे हे कौशल्यच आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही. परंतु केवळ अंदाजावर भागत असेल, तर कान जिथल्या तिथेच राहतात. म्हणून नव्या टाचणात मी प्रत्येक प्रश्न ध्वनिमुद्रण न लावता एका सहकाऱ्याला विचारून पाहिला आणि ज्यांची उत्तरे न ऐकताही आली, ते काढून टाकले. ही चाळणी लावायला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण तिच्यातून निम्मे प्रश्न गळाले.

उद्घोषणेची आणखी एक मर्यादा ध्वनिमुद्रण वारंवार ऐकताना जाणवली. ती आधी नोंदवून ठेवलेले तुकडे संगणकाने जोडून तयार होते. त्यामुळे ‘वन टू वन टू फोर’ हा क्रमांक एकेक अंक सुटा करून ऐकू येतो, आणि माणसे बोलताना तसे कधीच बोलत नाहीत. सुरुवातीला ती सोय आहे, पण केवळ त्यावर तयार झालेला कान माणसासमोर गोंधळतो. दुसऱ्या पाठासाठी मी विज्ञानाच्या शिक्षिकेला फोनवर निरोप ठेवल्यासारखे बोलायला सांगितले. लिहिलेला मजकूर न देता फक्त मुद्दे दिले, कारण कागद हातात आला की माणूस वाचू लागतो आणि वाचनाची लय बोलण्याची राहत नाही. निरोप अर्ध्या मिनिटाचा होता आणि त्याचा आशय साधा होता : बस तासाभरापूर्वीच गेली, मी पुढच्या बसने येते, आईला स्टँडवर थांबायला सांग.

वर्ग अडला तो ‘द बस लेफ्ट अबाउट अॅन अवर अगो’ या वाक्यावर. काहींनी ‘नाऊ’ लिहिले, म्हणजे बस आत्ता गेली. येथे मी बरोबर उत्तर न सांगता तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला आणि जे ऐकू येते ते जसेच्या तसे देवनागरीत लिहायला सांगितले. वह्यांमध्ये ‘लेफ्टबाउटनावरगो’, ‘लेफ्ट बौ नावर को’ अशी रूपे आली, आणि ‘नाऊ’ कुठून आले ते मुलांना आपोआप दिसले. ‘अॅन’मधला न पुढच्या ‘अवर’ला जाऊन चिकटतो आणि ‘अबाउट’चा पहिला स्वर इतका दबतो की तो आहे असे वाटतच नाही. इंग्रजी स्पेलिंग हे सगळे झाकून ठेवते. देवनागरी ते उघडे करते. सहविचार सभेत यावर आक्षेप आला की, मार्गदर्शिकांमधले देवनागरी उच्चार घोकण्याच्या सवयीला यामुळे खतपाणी मिळेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र तेथे मुले दुसऱ्याने लिहिलेला उच्चार वाचतात आणि येथे स्वतःच्या कानाने पकडलेला लिहितात, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शिवाय शेवटी त्या देवनागरी ओळीखाली मूळ इंग्रजी वाक्य लिहून, कुठला शब्द कुठे संपतो तेथे उभ्या रेघा मारायच्या असतात. पाठोपाठ ‘अॅन ओल्ड अंकल’, ‘अॅन एग’, ‘टेन आयडियाज’ असे छोटे तुकडे मी स्वतः सहज गतीने बोलते आणि मुले ते लिहितात.

‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’साठीही असाच छोटा सराव टाचणात घातला. शब्दाच्या दुसऱ्या भागावर जोर असेल तर पंधरा, पहिल्या भागावर असेल तर पन्नास, असा नियम सांगितला जातो. पण ‘फिफ्टीन मिनिट्स’ म्हणताना तो जोर बहुधा पुढे सरकून पहिल्याच भागावर येतो. त्यामुळे मी मुलांना शेवटच्या दीर्घ स्वराकडे आणि त्यानंतरच्या न कडे कान लावायला सांगते.

या सरावाला वेळ हवा, आणि तासिका पस्तीस मिनिटांची. तो वेळ मी ऐकण्यापूर्वीच्या चर्चेतून काढला. चित्रे दाखवणे, अनुभव विचारणे यात पूर्वी तासिकेचा मोठा भाग जात असे. आता कोण कोणाशी आणि कशासाठी बोलत आहे एवढेच सांगून थेट ऐकण्याकडे वळते. मजकुराचा लेखी कागद अगदी शेवटी देते. तो आधी दिला की सगळे डोळे कागदावर जातात. ध्वनिमुद्रणाची गती कमी करून लावण्याचा पर्याय काहींनी सुचवला होता. मी तो करून पाहिला. शब्द लांबले, पण मूळ बोलण्यातच त्यांच्यामध्ये फट नसल्याने ती गती कमी करूनही निर्माण झाली नाही. त्यापेक्षा वाक्यांश संपतो तेथे थांबवणे अधिक उपयोगी पडले. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना मात्र कोणतेच टाचण चालत नाही. अशा दिवशी पाठ प्रयोगशाळेत नेते, तेथे स्लॅब आहे.

बदललेल्या पाठांनंतर मुलांच्या मागणीत फरक पडला. पूर्वी “मॅडम, परत लावा” एवढेच ऐकू येई. आता “मॅडम, ‘लेफ्ट’च्या पुढचं परत लावा” असे येते, म्हणजे आपले कुठे सुटले हे मुलाला ठाऊक असते. पंधरा आणि पन्नासची गल्लत गोंगाटात अजूनही होते, कधी कधी माझीही होते. त्यासाठी ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’ असे उलट विचारायला मी आता शिकवते, आणि पुढच्या सत्राच्या टाचणात या उलट विचारण्यासाठी दोन स्वतंत्र तासिका राखून ठेवल्या आहेत.