औंधच्या डोंगरावर गायतोंडे

लोक औंधला यमाईच्या दर्शनाला जातात. मी साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे एसटीने गेलो तो लघुचित्रं बघायला, आणि वाटभर डोक्यात होते अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे.

डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे संस्थानिक स्वतः हाडाचे चित्रकार. त्यांनी ते १९३८ साली उभारलं. रविवर्म्याची चित्रं आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्प पाहून मी पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याकडच्या, लघुचित्रांपाशी थांबलो, तो बराच वेळ हललोच नाही.

गायतोंडे १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका घेऊन बाहेर पडले. सुरुवातीला तेही माणसंच रंगवत. पण लघुचित्रांतल्या रंगांनी त्यांना ओढून घेतलं. ते रंग नीट कळावेत म्हणून त्यांनी आकृत्या वगळून नुसतं रंगांचं प्रमाण पाहायला सुरुवात केली. पुढे स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव आला, झेन बौद्ध विचार आला. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि तिथे मोठमोठे रंगपट्टे रंगवणारा अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथको भेटला. गायतोंड्यांची गोष्ट कुणी रॉथकोपासून सुरू केली, तर मला ते अजिबात पटत नाही. त्याआधीच त्यांच्या कॅनव्हासवरून माणूस निघून गेला होता.

मीही तसंच पाहायचं ठरवलं. डोळा ऐकेना, सारखा चेहऱ्याकडे, दागिन्यांकडे धावायचा. मग हळूहळू माणसं विरली, झाडं विरली. उरला एक मोठा पिवळा, त्याला खेटून लाल पट्टी, वर निळ्याची चिंचोळी जागा. ती लाल पट्टी बोटभर रुंद असती तर पिवळा विझला असता! चितारी हे मोजून करत होता, कथेच्या आडून.

गायतोंड्यांचा रंग असा सपाट, रेघेत बांधलेला नाही. ते रोलरने थर द्यायचे, पॅलेट नाइफने खरवडायचे, फाडलेल्या कागदाने रंग उमटवायचे. कडा कुठे संपते ते सापडत नाही. तोल मात्र याच चित्रांच्या घराण्यातला, असं मला तिथे उभं असताना पक्कं वाटलं.

औंधला जाल तेव्हा आधी लघुचित्रं बघा, डोळे ताजे असताना. रविवर्मा नंतर पाहिला तरी चालतो.